दादा म्हणजे कोण?

साक्षीला लहान पोर असलं की तरे बाई वर्दी उतरवायच्या. भिवंडीच्या कोर्टात त्या पैरवीला होत्या, म्हणजे पोलीस ठाण्याकडून समन्स पोचवायचं आणि साक्षीदाराला तारखेला हजर करायचं. सकाळी खाकीत यायच्या, पिशवीतली फुलाफुलांची साडी घेऊन बायकांच्या संडासात शिरायच्या आणि कुणाच्या तरी मावशीसारख्या बाहेर यायच्या. पोरासमोर पोलिसानं वर्दीत जायचं नाही असा कायदाच आहे, पण तो इतका मनापासून पाळणारं दुसरं माणूस मी पाहिलं नाही. मी एकदा हसलो तर म्हणाल्या, "हसतोस काय, बीए? पोलीस दारात आला त्या दिवशी त्याचा घर मोडला. मला खाकीत बघून परत तोच दिवस आठवल त्याला."

मी तिथे टंकलेखक. गाव भिवंडीजवळचंच, कोन नावाचं. वडील यंत्रमागावर, आई शाळेत गेलेली नाही. सगळ्या भावकीत पहिला पदवीधर मी, आणि ते मी लपवत नव्हतो. टेबलावरच्या पाटीवर नावापुढे 'बी.ए.' मीच रंगवून घेतलं होतं. ते पाहिल्यापासून बाईंनी मला नावानं हाक मारली नाही.

पोरांना मारझोड, डागणं, उपाशी कोंडणं, असल्या खटल्यांचं पुढे काय होतं ते बाहेर कुणाला कळत नाही. आमच्या कोर्टात मी पाहिले त्यातले थोडेच नीट निकालापर्यंत गेले. न्यायाधीश साहेब रजेवर, वकील दुसऱ्या कोर्टात, आरोपी आजारी. तोवर पोर दोन इयत्ता पुढे जातं. मग एक दिवस आई येऊन हात जोडते, "साहेब, घरातलंच होतं, मिटलं आता." धामणकर नाक्याजवळची एक बाई असंच पुटपुटत पायरीवर बसली होती. तरे बाईंनी तिला आधी चहा पाजला, मग विचारलं, "मिटला कोणाचा? तुझा का पोराचा?" ती रडायला लागली. "रड. पण आत जाऊन खरा बोल. राहायचा कुठं तां नंतर बघू, माझ्या घरात दोन खोल्या हायेत." ती बाई खरंच पंधरा दिवस त्यांच्याकडे राहिली.

आणि मग वळ गावची मुलगी. तिचं नाव लिहिणार नाही, लिहायचं नसतंच. बाप गोदामात हमाल. पोरीच्या पाठीवर तापलेल्या उलथन्याचे डाग. शेजारणीनं कळवलं, मुलगी बालगृहात गेली, आणि दोन वर्षांनी साक्ष लागली तेव्हा ती आठ वर्षांची होती. बाप सुटला तर पोर त्याच्याच घरी जाणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

साक्षीच्या वेळी बाई बाहेर बाकावर थांबल्या. आरोपी बाप पडद्याआड. पोरीनं हळूच सांगितलं, "दादानं चटके दिले." साहेब लातूरकडचे. त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, "दादा म्हणजे भाऊच ना?" पुस्तकातला अर्थ माझ्या तोंडात आधी आला. "हो सर." त्या घरात एक मोठा चुलतभाऊही राहायचा. सरकारी वकील पुढच्या फाइलीत डोकं घालून बसले होते. मी 'माझ्या मोठ्या भावाने' असं शुद्ध मराठीत टाइप केलं, भरभर वाचून दाखवलं, पोरीनं मान हलवली. आरोपीच्या वकिलानं एकही प्रश्न विचारला नाही. शहाणा माणूस.

संध्याकाळी बाई साडीची घडी घालत होत्या. "काय बोलली रे?"

"मोठ्या भावानं डागलं म्हणाली."

घडी अर्धीच राहिली. "भाऊ? तोंडानं काय बोलली ती?"

"दादा."

"तू कोनचा ना रे? तुझ्या घरात दादा कोणाला बोलतात?"

आमच्याकडे बापाला दादा म्हणतात. मीही म्हणायचो. कॉलेजात मुलं हसली तेव्हापासून 'बाबा' म्हणायला लागलो होतो.

"जा, साहेबांना सांग."

"नोकरी नवी आहे, बाई. तुम्हीच सांगा ना."

"मी सांगितला तं पोलिसांनी पोरीला पढवली बोलतील. तुलाच सांगायला लागल."

मला चार दिवस लागले. साहेब रागावले नाहीत. सरकारी वकिलांनी अर्ज दिला, मुलीला पुन्हा बोलवायचं ठरलं. मला वाटलं, सुटलो. बाईंचा चेहरा मात्र उतरलेलाच. "पोराला एकदाच इचारायचा असतं रे. दुसऱ्यांदा इचारला का त्याला वाटतं, आपला चुकला."

तेच झालं. साहेबांनी अगदी मऊ आवाजात विचारलं, "बाळ, दादा म्हणजे कोण?" तिनं आमचे सगळ्यांचे चेहरे पाहिले. शाळेत उत्तर चुकलं तरच पुन्हा विचारतात. "कोणी न्हाय," ती म्हणाली. "मीच पडले चुलीवर." सरकारी वकिलांनी साक्षीदार फितूर झाल्याचं जाहीर करायची परवानगी मागितली, आणि मी ते टाइप केलं. आठ वर्षांची पोर, फितूर. पुढच्या महिन्यात संशयाचा फायदा मिळून बाप सुटला, आणि काही आठवड्यांनी पोर वळला बापाकडे गेली.

बाई मला एका शब्दानं बोलल्या नाहीत. ते जास्त लागलं. सुट्टी मिळेल तेव्हा त्या वळला जायला लागल्या. "इकडूनच चालले होते," म्हणत त्या घराच्या ओट्यावर टेकायच्या, पोरीची वेणी घालायच्या, घालता घालता मानेखाली, दंडावर बघून घ्यायच्या. बापाला काही बोलता यायचं नाही. मी म्हटलं, मीही येतो. म्हणाल्या, "आधी घरी जाऊन बापाला नीट हाक मार."

त्या संध्याकाळी हाक मारली, 'दादा'. दादा जेवता जेवता थांबले. मग जरा सरकून त्यांनी मला शेजारी बसायला जागा केली.

निवृत्तीला दोन महिने राहिले असताना बाई गेल्या. छातीत दुखतंय म्हणून बसल्या त्या उठल्याच नाहीत. त्यांचं दहावं झालं आणि पुढच्या रविवारी मी वळला गेलो. पोर दारातच होती. अंगानं वाढली होती, उन्हाळ्यात लांब बाह्यांचा ड्रेस. मी कोण ते सांगितलं, बाई वारल्याचं सांगितलं.

"ठाव हाय," ती म्हणाली. "मग आता तुम्ही येणार काय?"

"येईन ना. दर रविवारी येईन."

तिनं आत वळून पाहिलं आणि आवाज बारीक केला. "दिवस नका सांगू. बाई कधी दिवस सांगायची न्हाय. सांगितला का तेवढ्या दिवशी चांगले वागतात."