पितळेचा डाख

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, देवासमोरही नाही — देवासमोर तर मुद्दामच नाही, कारण तिथं बोललं की मोकळं वाटतं म्हणतात, आणि मला मोकळं व्हायचं नव्हतं. तुम्ही लांबचे, पुण्या-साताऱ्याकडचे. आमची तंजावरची मराठी ऐकून हसाल थोडं. हसा, पण ऐकून घ्या.

राजवाड्याच्या मागच्या गल्लीत माझं बंदुका दुरुस्त करायचं दुकान होतं. लायसन्सचं, वडिलांपासूनचं. ते गेले तेव्हा सगळे म्हणाले, आता कसलं दुकान, कुणाकडं राहिल्यात बंदुका? घरोघरी डिश अँटेना येत होत्या, गल्लीच्या तोंडाशी एसटीडी बूथ निघाला होता, आणि मी हट्टानं कानस घासत बसलो होतो. खोटं कशाला बोलू — मला गर्व होता. जिल्ह्यात कुणाला न जमणारा तुकडा मी घडवतो, असं चारचौघांत म्हणत असे. कुणी विचारलेलं नसतानाही म्हणत असे.

अप्पाकाका माझ्या वडिलांचे चुलतभाऊ. तिरुवैयारुच्या पलीकडं त्यांची नारळाची बाग, थोडी भाताची जमीन. त्यांच्याकडं आजोबांचं जुनं रिव्हॉल्व्हर होतं — प्रत्येक गोळीला अंगठ्यानं घोडा मागं ओढावा लागे, तसलं. घोडा म्हणजे मागचा तो हातोडीसारखा भाग. त्याच्या पायाशी, आत, दोन खाचा असतात. एकीत चापाचं टोक बसलं की घोडा पूर्ण चढतो, आणि चाप दाबला की बार उडतो. दुसरीत बसलं की घोडा अर्ध्यावर अडकून राहतो, मग चाप दाबला तरी हलत नाही. माणसाचा सगळा भरवसा त्या दुसऱ्या खाचेवर. काकांच्या रिव्हॉल्व्हरमध्ये नेमका तिचाच कंगोरा तुटला होता, आणि घोड्याला पुढं ढकलणारी कमान, म्हणजे स्प्रिंगही मोडली होती.

नवरात्र बसायच्या आधी ते घेऊन आले. आमच्याकडं खंडेनवमीला शस्त्रं पूजेत मांडतात, आणि खंडित शस्त्र मांडत नाहीत. मग दसऱ्याला सकाळी बागेत एक बार बापानं आणि एक मुलानं आकाशात उडवायचा, ही त्यांच्या घरची रीत. त्यांचा एकुलता मुलगा व्यंकू दसरा झाला की मद्रासला निघणार होता. तिकडं परदेशी मोटारींचा नवा कारखाना उभा राहिला होता, त्यात त्याला नोकरी लागली होती. काकी तर आधीपासूनच डोळे पुसत होत्या. काका मला म्हणाले, "जमेल ना रे? नसेल तर तसं सांग. यंदा नुसती तलवार मांडू."

सांगायला काय झालं होतं मला?

मी नवा घोडा घडवला. तापवून पाणी देताना तडकला. दुसरा घडवला — तोही तडकला. नवमी तोंडावर आलेली. तेव्हा मी — कसं सांगू — जुन्याच घोड्याच्या तुटक्या कंगोऱ्यावर पितळ वितळवून त्याचा डाख चढवला, कानशीनं खाच कोरली, वरून काळं केलं. कमान मात्र नवी घातली, चांगली कडक. पितळ मऊ. त्या कमानीपुढं ते टिकायचं नाही, हे मला ठाऊक नव्हतं का? लख्ख ठाऊक होतं. पण अर्ध्यावर ओढलं की टक् असा आवाज नीट आला, आणि मला वाटलं, पूजेपुरतं निभावेल. दसऱ्यानंतर मागवून घेऊ, नवा बसवू. "काका, अर्ध्यावर ठेवू नका" — एवढं एक वाक्य पुरलं असतं. पण मग त्यांनी विचारलं असतं, का रे? आणि मला जमलं नाही, हे कबूल करावं लागलं असतं. मी म्हणालो, अगदी नव्यासारखं झालंय. काकांनी माझी पाठ थोपटली.

दसऱ्याच्या सकाळी मी तिथं नव्हतो. ऐकलं ते असं. काकांनी आपला बार उडवला. मग व्यंकूला द्यायला म्हणून घोडा पुन्हा पूर्ण चढवला. तो म्हणाला, थांबा अप्पा, आधी नारळ फोडतो. तेव्हा काकांनी अंगठ्यानं घोडा हळूच अर्ध्यावर उतरवला आणि रिव्हॉल्व्हर कमरेच्या चामडी खोळीत सरकवायला गेले. बार उडाला. व्यंकू समोर, विहिरीपाशी वाकलेला होता. काकांच्या हातातून रिव्हॉल्व्हर दगडावर पडलं. व्यंकूला घेऊन गाडी निघाली, पण तो इस्पितळापर्यंत पोचला नाही.

इथवरची गोष्ट चूक म्हणून खपवता आली असती. पुढची नाही.

पोलिसांनी ते रिव्हॉल्व्हर तपासायला माझ्याकडंच आणलं. दुसऱ्या कुणाकडं नेणार? इन्स्पेक्टर समोर बसला, मी त्याला कापी मागवली. तो पीत होता तेव्हा मी उघडलं. पितळेचा कंगोरा निखळून आत पडला होता, तांदळाच्या कणीएवढा. तो मी बोटावर घेतला आणि बोट खिशात घातलं. खाचेवर उरलेली पिवळी झाक तेलकट फडक्यानं काळी केली. आणि म्हणालो — खाच दगडावर पडून तुटलीय, आधी काही दोष नव्हता, घोडा पूर्ण चढवलेलाच राहिला असणार. त्यानं मान डोलावली.

कोर्टात काकांना फारसं काही झालं नाही. झालं ते घरात. काकी त्यांच्याशी बोलेनाशा झाल्या. ताट वाढत, पुढं सरकवत, आत निघून जात. मी अधूनमधून जायचो. का जायचो? माया म्हणून? मला वाटतं, कुणाला संशय आलाय का, ते बघायला.

एकदा बाहेरच्या ओट्यावर काका माझ्याशेजारी येऊन बसले. उजवा अंगठा माझ्यापुढं धरला. म्हणाले, "मज खरं सांग. तुला त्यातलं कळतं. मी अर्ध्यावर उतरवला होता. टक् झालेलं मी ऐकलं. की नव्हता उतरवला?"

काकी दाराआड उभ्या होत्या. मला त्यांच्या साडीचा काठ दिसत होता. त्याही ऐकत होत्या.

मी म्हणालो, "काका, वय झालं. होतं असं. अर्ध्यावर असता तर उडालाच नसता."

साडीचा काठ दाराआडून हलला, काकी आत गेल्या. काकांनी अंगठा मुठीत मिटून घेतला. मग म्हणाले, "म्हणजे मीच." आणि थोड्या वेळानं म्हणाले, कापी घेऊन जा. मी कापी घेतली.

त्यांनी घोडा अर्ध्यावरच उतरवला होता. त्यांना बरोबर आठवत होतं. पण पुढं जगले तेवढी वर्षं ते स्वतःला मुलाचा मारेकरी समजून जगले, आणि काकीही तेच समजून त्यांच्या घरात राहिल्या. शेवटच्या दुखण्यात काकी त्यांच्या खोलीत आल्या नाहीत. तोंडात पाणी मी घातलं. ते शुद्धीवर होते, माझ्याकडं बघत होते, खोलीत दुसरं कुणी नव्हतं. तेव्हाही सांगता आलं असतं. मी सांगितलं नाही. मुलगा नव्हता, म्हणून अग्नीही मीच दिला. पुतण्या असावा तर असा, असं लोक म्हणाले, आणि मी ते ऐकून घेतलं.