ब्रेकबाई गाडी घेतात

गावातल्या निम्म्या लोकांना गाडी चालवायला ब्रेकबाईंनी शिकवलं होतं, आणि उरलेल्या निम्म्यांच्या मुलांना त्या आता शिकवत होत्या. त्यांचं खरं नाव ड्रायव्हिंग स्कूलच्या पाटीवर होतं, पण ते कुणी वाचत नसे. शिकवायच्या गाडीत शेजारच्या सीटखाली एक जादा ब्रेक असतो. शिकाऊ माणूस घाबरून समोरच्या भिंतीवर निघाला की बाईंचा पाय खाली जायचा, गाडी जागच्या जागी उभी राहायची, आणि बाई शांतपणे म्हणायच्या, "भिंत कुठे पळून जात नाहीये. परत पहिला गिअर." तेव्हापासून त्या ब्रेकबाई.

पायाची ही सवय इतकी मुरली होती की घरी टीव्हीवर एखादी गाडी भरधाव निघाली तरी बाई सोफ्यात बसल्या बसल्या सतरंजीवर पाय दाबायच्या. नवरोबा शेजारी बसून हसायचे. नवरोबांची कोपऱ्यावर बेकरी होती. उंच, लांब टांगांचा, कमी बोलणारा माणूस. पहाटे पीठ मळायचे आणि दुपारी झोपायचे.

एके दिवशी बाई एका बँकेतल्या मुलीला चौकातून गाडी काढायला शिकवत होत्या. सिग्नल लाल होता. शेजारी एक बुटकी, उघडी, दोन सीटांची गाडी येऊन थांबली. आत एक बाई, वय बाईंएवढंच असेल, डोक्याला रुमाल बांधलेला, ओठांत कसलंसं गाणं. सिग्नल हिरवा झाला आणि ती गाडी अशी काही सुटली की बाईंचा पाय आपोआप खाली गेला. परिणाम असा, की त्यांचीच गाडी बंद पडली, मागच्यांनी हॉर्नचा गजर केला आणि बँकेतली मुलगी रडकुंडीला आली.

"तुझी चूक नाही गं," बाई म्हणाल्या. "माझी आहे."

संध्याकाळी बेकरीच्या मागच्या खोलीत जाऊन त्यांनी नवरोबांना सांगितलं, "अहो, मला स्पोर्ट्स कार घ्यायचीये. जुनी चालेल."

"बरं," नवरोबा पिठाचे गोळे करत म्हणाले. मग दोन गोळे झाल्यावर हात थांबले. "काय म्हणालीस?"

"सगळी हयात दुसऱ्याच्या भीतीच्या वेगाने गेली माझी. आता एकदा माझ्या वेगाने जाऊन बघायचंय."

नवरोबांनी बायकोकडे नीट पाहिलं. थट्टा नव्हती. "घेऊ या की मग," ते म्हणाले.

शिकवायच्या गाडीची देखभाल करणारा मिस्त्री हा बाईंचा जुना विश्वासू माणूस. त्याने आठवडाभरात दोन गाड्या हुडकल्या. दोन्ही जुन्या, दोन्ही तरुणपणी भलत्याच नावाजलेल्या. एक निळी: बंद टपाची, लांब नाकाची, मोठ्या इंजिनाची, आणि दिवे असे की बटण दाबलं की बोनेटमधून डोळे उघडल्यासारखे वर यायचे. दुसरी लाल: छोटी, कापडी टपाची, फक्त दोन सीटांची.

"निळीत मागे दोन सीटा आहेत," मिस्त्री म्हणाला. "म्हणजे, कंपनीच्या मते आहेत."

शनिवारी दुपारी तिघं निळी बघायला गेले. तिसऱ्या म्हणजे सासूबाई. ऐंशी कधीच ओलांडलेल्या, अंगाने चिमुकल्या, आणि घरात काही नवीन घडत असलं की कुणी बोलावायची वाट न बघता चपला घालून दारात तयार. गाडीचे मालक दाताचे डॉक्टर होते आणि अर्थातच बाईंचे विद्यार्थी. बाई सवयीने शेजारच्या सीटवर जाऊन बसल्या. त्याबरोबर डॉक्टरांनी आरसा सारखा केला, पट्टा लावला, पट्टा ओढून बघितला, परत आरसा सारखा केला. कपाळावर घाम.

"डॉक्टर, मी परीक्षा घ्यायला नाही आले. गाडी घ्यायला आलेय."

"कळतंय हो बाई. पण तुम्ही तिथे बसलात की मला काही सुचत नाही."

शेवटी डॉक्टर उतरून शेजारच्या सीटवर आले आणि बाई चालवायला बसल्या. मागे सासूबाई आणि नवरोबा. सासूबाई त्या सीटवर अगदी मापाने शिवल्यासारख्या बसल्या. नवरोबांनी आधी एक पाय घातला, मग डोकं, मग उरलेलं अंग जमेल तसं घातलं. गुडघे कानांशी आले.

गाडी मात्र छान होती. इंजिनाचा आवाज खालच्या पट्टीतला, भरदार. नुसता पाय ठेवला तरी पाठ सीटला चिकटायची. बोगद्यात शिरताना बाईंनी दिवे लावले. उजवा डोळा चटकन उघडला, डावा जरा आळस देऊन. सासूबाई मागून म्हणाल्या, "डोळा मारतेय की गं ही!" आरशात बाईंना नवरोबांचे मिटलेले डोळे दिसले. कान देऊन इंजिन ऐकताहेत, असं बाईंना वाटलं.

परत आल्यावर सासूबाई टुणकन उतरल्या. नवरोबा उतरेनात. एक गुडघा समोरच्या सीटमागे अडकलेला, पट्टा कमरेच्या पट्ट्यात गुंतलेला. बाईंनी हात ओढला, सासूबाईंनी बाही ओढली. मग डॉक्टर पुढे झाले, नवरोबांच्या खांद्यावर हात ठेवून सवयीने म्हणाले, "अंग सैल सोडा. अजिबात दुखणार नाही." आणि खरोखरच एका झटक्यात त्यांना बाहेर काढलं.

फुटपाथवर उभं राहून पाय झटकत नवरोबा म्हणाले, "उत्तम गाडी आहे. हीच घे."

बाई बघतच राहिल्या.

रविवारी सकाळी लाल गाडी. तिचा मालक फुलांचं दुकान चालवायचा. महिन्याभरापूर्वी त्याला जुळी झाली होती, आणि दोन सीटांच्या गाडीचा हिशोब त्याच दिवशी आटोपला होता. दुकानासमोर उभ्या गाडीचा कापडी टप त्याने हातानेच मागे दुमडला. टपाची मागची प्लॅस्टिकची खिडकी जुनी होऊन पिवळी पडली होती. डिकीत सुकलेल्या पाकळ्या.

"बाई, मी येतो सोबत," तो म्हणाला, आणि तेवढ्यात दुकानातून एक बाळ रडलं. मग दुसरं. "किंवा तुम्हीच जाऊन या. विश्वास आहे तुमच्यावर. नसला तरी सांगतो कुणाला!"

अशा रीतीने नवरोबा आणि सासूबाई हातात एकेक बाळ घेऊन फुटपाथवर उभे राहिले, आणि ब्रेकबाई एकट्या निघाल्या.

कोपरा वळल्यावर त्यांच्या लक्षात आलं की शेजारची सीट रिकामी आहे. इतक्या वर्षांत गाडीत त्यांच्या शेजारी कुणीतरी असायचंच, आणि बहुतेक वेळा ते थरथरत असायचं. आता कुणाला सांगायचं नव्हतं की आरसा बघ, कुणाच्या पायावर लक्ष ठेवायचं नव्हतं. तरीही नदीकाठच्या रस्त्याला लागेपर्यंत त्या धड तिसऱ्या गिअरमध्ये गेल्या नाहीत. एक स्कूटर पुढे गेली. दुधाचा टेम्पो पुढे गेला. टेम्पोतल्या माणसाने मान वळवून पाहिलं आणि त्याच्या चेहऱ्यावर इतकी कीव होती की बाईंना राग आला.

रस्ता पुढे सरळ आणि मोकळा होता. बाईंनी गिअर टाकला आणि पाय दिला.

लाल गाडीत निळीसारखी ताकद नव्हती. पण ती जमिनीला इतकी लागून होती की रस्ता हाताने पुसावा असा जवळ वाटायचा. स्टिअरिंग बोटांना लगेच उत्तर द्यायचं. कापलेल्या गवताचा वास थेट नाकात आला, वारा केसांत घुसला, चाप एकेक करून उडून गेले. दुधाच्या टेम्पोला मागे टाकताना बाईंनी हॉर्न वाजवला, अगदी विनाकारण. त्या मोठ्याने हसत होत्या हे त्यांना पुलापाशी गाडी वळवताना कळलं, कारण तिथे मासे पकडत बसलेला म्हातारा त्यांच्याकडे बघून हसला.

दुकानाशी आल्या तेव्हा केस चहूबाजूंनी उभे होते. "काय, कशी आहे?" नवरोबांनी विचारलं. त्यांच्या शर्टावर बाळाने दूध काढलं होतं.

"ठीक आहे," बाई म्हणाल्या. "पण दोनच सीटा."

मिस्त्रीने दोन्ही गाड्या वर उचलून खालून तपासल्या आणि बुधवारी संध्याकाळी बेकरी बंद व्हायच्या वेळी तो निकाल सांगायला आला. चौघं मागच्या खोलीत, पिठाच्या पोत्यांवर आणि एकुलत्या एका स्टुलावर बसले. स्टूल सासूबाईंना.

"निळीचं इंजिन खणखणीत," मिस्त्री म्हणाला. "पण तिचं काही बिघडलं की भाग मिळायची मारामार. लालचं इंजिन साधं, ते मी डोळे मिटून उघडीन. पण पायाखालचा पत्रा गंजलाय. कापून नवा जोडावा लागेल. जोडून देतो मी. आता तुम्ही सांगा कुठली."

"निळी," बाई म्हणाल्या.

"निळीच," नवरोबा म्हणाले.

"मग प्रश्नच मिटला," मिस्त्री म्हणाला आणि उठला.

"बस रे तू," सासूबाई म्हणाल्या. मग मुलाकडे, मग सुनेकडे बघून: "एकमत झालंय, तर दोघांची तोंडं एरंडेल प्यायल्यासारखी का? सूनबाई, तुला खरंच निळी आवडली?"

"चांगली आहे की, आई. आणि यांना बसता येतं तिच्यात."

"याला? याला बसता येतं? अगं, याला लहानपणापासून गाडी लागते! शाळेच्या सहलीला बसच्या पायरीवरच ओकायचा हा. एक मास्तर तर याच्यासाठी वेगळी पिशवी घेऊन यायचे."

मिस्त्री छताकडे बघू लागला.

"अहो," बाई म्हणाल्या, "खरं?"

नवरोबांनी खिशात हात घातला आणि चार लवंगा बाहेर काढून तळहातावर दाखवल्या. "तोंडात ठेवली की बरं वाटतं जरा."

"म्हणजे आपण गावाला जाताना तुम्ही डोळे मिटून गाणी ऐकता, ते..."

"गाणी वगैरे काही नाही. पोट सांभाळत असतो."

"इतकी वर्षं! आणि मी तुमच्यासाठी त्याच त्या कॅसेटी लावत होते! मला त्यातलं एक गाणं आवडत नाही!"

"मलाही नाही," नवरोबा म्हणाले.

आता मिस्त्रीला हसू आवरेना. "मग निळी घे असं का म्हणालात तुम्ही?" बाईंनी विचारलं.

"तू एवढ्या हौसेने गाडी घेणार, आणि मी म्हणू मला नाही बसायचं? तुला वाईट वाटलं असतं. म्हटलं, मागची सीट आहे, कोंबून घेऊ स्वतःला." त्यांनी लवंगा परत खिशात टाकल्या. "तुला कुठली आवडली ते मला तू दुकानाशी वळलीस तेव्हाच कळलं. असे केस तुझे लग्नानंतर कधी बघितले नव्हते. पण तू म्हणालीस दोनच सीटा. मला वाटलं, तुला एकटीने जायचं नाहीये."

"मला एकटीने जायचंय हो," बाई म्हणाल्या, आणि बोलल्यावर त्यांचंच तोंड लाल झालं. "म्हणजे, तुम्हाला टाळून असं नाही..."

"अगं, टाळ की! माझं पोट तुला दुवा देईल."

दोघं एकदम हसायला लागले आणि बराच वेळ थांबेनात. बाईंना पोत्यावरून उठताही येईना. मिस्त्रीने खिशातून पेन्सिल काढून भिंतीवरच्या कॅलेंडरवर पत्रा जोडायचा दिवस नोंदला. त्या मोठ्या इंजिनाची चुटपुट बाईंना नंतरही काही दिवस राहिली. त्या डोळा मारणाऱ्या दिव्यांची तर जास्तच. पण निर्णय बदलावासा काही वाटला नाही.

निळी गाडी डॉक्टरांनी शेवटी विकलीच नाही. बाई तिला बोगद्यातून ज्या झोकात घेऊन गेल्या ते बघून त्यांना आपल्याच गाडीचा लोभ सुटला, आणि ते आता रोज तिच्यातून दवाखान्यात जातात, अजूनही आरसा दोनदा सारखा करून.

लाल गाडी नव्या पत्र्यासकट घरी आली तेव्हा बाई पहिल्यांदा एकट्याच गेल्या. दुसऱ्या दिवशीही एकट्या. तिसऱ्या दिवशी बाहेर येऊन बघतात तो शेजारच्या सीटवर सासूबाई बसलेल्या: डोक्याला रुमाल, डोळ्यांवर मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर मिळालेला काळा चष्मा.

"तुला एकटीने जायचं असेल तर मी बोलणार नाही," त्या म्हणाल्या. "नसल्यासारखी बसेन."

त्यांनी हा शब्द पहिल्या वळणापर्यंत पाळला.

आता रविवारी सकाळी दोघी तलावावर जातात. नवरोबा बेकरी आवरून त्यांच्या आधीच सायकलवरून निघतात, आणि अर्ध्या वाटेत लाल गाडी हॉर्न वाजवत त्यांच्या बाजूने निघून जाते. तलावाशी पोचल्यावर ते घामाघूम असतात, पण पोट एकदम ठणठणीत, आणि हँडलला लावलेल्या टोपलीत त्याच सकाळचे पाव. बाई बोनेटला टेकून खातात. सासूबाई मात्र गाडीतून उतरत नाहीत. एकदा त्या इतक्या खाली बसल्या की त्यांना उठवायला दोन माणसं लागतात, आणि ती ओढाताण बघून सून परतताना हळू चालवेल अशी त्यांना भीती असते. त्या बसल्या जागी हात बाहेर काढतात आणि म्हणतात, "मला कडेचा दे रे, खरपूस."