घरात घालायचे बूट

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाकडे धरला. "गुडघ्यातली गादी आतल्या बाजूने झिजलीय. बुटात आतून बसवायचे इनसोल घाला आणि चाला. घरातसुद्धा. अनवाणी उभं राहायचं नाही."

त्यांना काय जातंय सांगायला! कोथरूडच्या आमच्या फ्लॅटमध्ये सासूबाईंचं राज्य होतं आणि त्या राज्यात चपलेला दाराच्या आत प्रवेश नव्हता. स्वयंपाकघरात तर नावच नको, ओट्याशेजारीच देव.

मुलगा आयटीतला. कंपनीच्या कामासाठी तेव्हा अमेरिकेत होता, येताना त्याने इनसोल आणले आणि सोबत पांढरेशुभ्र बूट. साडीखाली ते घालून मी सोसायटीत उतरले, तर खालच्या काकूंनी विचारलंच, "काय, ऑलिंपिकला का?"

"हो, येताय?" म्हटलं आणि निघाले.

हसेनात का! टाचेखाली बाहेरच्या कडेला जरा उंच, एवढीच काय ती त्या इनसोलची करामत. पण कोपऱ्यापर्यंत जाऊन कठड्यावर बसणारी मी, चक्क बागेला दोन फेऱ्या मारून आले. येताना मेथीची जुडीही आणली.

पण चालणं अर्धा तास आणि ओट्याशी उभं राहणं पाच तास. बूट बाहेर रॅकमध्ये आराम करतायत आणि मी गार फरशीवर अनवाणी पोळ्या लाटतेय! चौथ्या पोळीला अशी कळ निघायची की लाटणं खाली ठेवावं लागे. उद्या स्वतःच्या घरात उभंही राहता आलं नाही तर?

शेवटी मी चोरी करायला लागले. सासूबाई दुपारी आडव्या झाल्या की बूट पुसून हळूच आत आणायचे. जन्मभर शाळेत पोरांना शिस्त लावलेली बाई मी, आणि हे धंदे!

एकदा कुकरच्या शिट्टीत त्यांच्या काठीचा आवाजच आला नाही. वळले तर दारात सासूबाई, नजर थेट माझ्या पायांवर. मग मीच आधी भडकले.

"बोला, काय बोलायचं ते बोला! दुखतं हो मला! उभं राहवत नाही! देवाला चालत नसेल तर देव हलवू आपण!"

बोलून गेले आणि माझी मलाच भीती वाटली.

सासूबाई खुर्चीवर टेकल्या.

"दुखतं असं सांगायचं असतं होय?" त्या म्हणाल्या. "चाळीस वर्षं उभी राहिले मी. मला वाटलं, बायकांचे गुडघे असेच असतात."

मी गॅस बंद केला.

"बाहेरचे मात्र आत नकोत," त्यांचा नेहमीचा आवाज परत आला. "घरात घालायला वेगळे आण. आणि दोन जोड आण."

संध्याकाळीच लक्ष्मी रोडला गेले. घरात घालायचे मऊ बूट निवडले, माझा नंबर सांगितला. दुकानदाराने माझा जोड खोक्यात भरला आणि विचारलं, "दुसरा कितीचा देऊ?"

पस्तीस वर्षं सणावाराला वाकून सासूबाईंच्या पावलांवर डोकं टेकवलं होतं आणि त्यांचं माप मला सांगता येईना.