परत येणाऱ्या बाईची दाढ

डॉक्टरबाईंचा दवाखाना घड्याळं दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर आहे. जिना इतका अरुंद की वर जाणारा आणि खाली येणारा यांतल्या एकाला माघार घ्यावीच लागते, आणि दातदुखीवाला माघार घ्यायला केव्हाही तयारच असतो. वर एक खुर्ची, तिच्यावर वाकलेला दिवा, थुंकायचं भांडं, एक्स-रे बघायची पांढऱ्या काचेची पेटी आणि दाराबाहेर एक बाकडं. बाकड्यावर बसलेला प्रत्येक जण स्वतःचा गाल धरून शेजारच्याचा गाल निरखत असतो. हा सगळा पसारा मूळचा सासऱ्यांचा. तेही दातांचेच डॉक्टर. सून डॉक्टर मिळाली म्हणून गावभर सांगत सुटले, पण ती खुर्ची सुनेच्या हाती द्यायला त्यांनी बरीच वर्षं नखरे केले.

खुर्चीबरोबर त्यांनी सुनेला एक सवयही दिली. पेशंट जिना चढून आत आला की ते त्याच्या तोंडात बघायच्या आधी त्याच्याकडे बघायचे. चपला, हात, चेहऱ्यावरची घाई. "दात कुठं पळून जात नाही," ते म्हणायचे, "आधी हा परत येणाऱ्यातला आहे का ते बघ."

म्हातारा अगदीच चुकीचं बोलत होता असं नाही. आत पू झालेली दाढ वाचवायची की काढायची, याचं बाकीचं सगळं कॉलेजात शिकवतात. आरशाच्या दांड्यानं दाढेवर हलकेच ठोकायचं, मग दोन दांड्यांच्या मध्ये धरून ती किती हलते ते बघायचं. हिरडीच्या कडेनं बारीक सळई फिरवून हाड कुठवर खचलंय त्याचा अंदाज घ्यायचा. एक्स-रेत मूळ तडकलेलं नाही ना, आणि वर टोपी बसवण्याइतका दात हिरडीबाहेर उरलाय ना, हे तपासायचं. सगळं बरं असलं तर आतली मेलेली नस काढून, मुळं साफ करून भरून टाकायची आणि दाढ ठेवायची. पण याला तीन-चार फेऱ्या लागतात, आणि पहिल्याच फेरीत दुखणं थांबतं. दुखणं थांबलं की पेशंट गायब.

डॉक्टरबाईंनी सुरुवातीला सासऱ्यांचं ऐकलं नव्हतं. एका टेम्पोवाल्याची दाढ त्यांनी हौसेनं वाचवायला घेतली. तो एकदा आला, बरं वाटलं म्हणून हात जोडून गेला, आणि पुन्हा उगवला तो गाल, डोळा आणि मान सुजवून. त्याला थेट मोठ्या हॉस्पिटलात न्यावं लागलं. वाचला बिचारा, पण डॉक्टरबाई कितीतरी दिवस दचकून उठायच्या. त्यानंतर मात्र त्यांनी सासऱ्यांची सवय उचलली, आणि ती इतकी अंगवळणी पडली की आपण अशी निवड करतो हेच त्या विसरल्या.

त्याच सुमारास इस्त्रीवाली आली. समोरच्या गल्लीत तिचं नवं लग्न होऊन इस्त्रीचं दुकान थाटलेलं. खालची डावी मोठी दाढ ठणकत होती. हातावर इस्त्रीचे डाग, पायात ओल्या चपला, आणि खुर्चीत बसता बसताच तिनं विचारलं, "लवकर होईल ना हो? कपड्यांचा ढीग पडलाय, हे एकटेच आहेत दुकानात."

झालं. डॉक्टरबाईंच्या मनात शिक्का बसला. ही काही परत येत नाही.

दाढ चांगली होती. किडलेली होती, मुळाशी पू होता, पण हलत नव्हती, हाड भक्कम, मुळं सरळ, वरचा भागही बऱ्यापैकी शिल्लक. कॉलेजच्या परीक्षेत अशी दाढ आली असती तर कुणीही डोळे झाकून 'वाचवा' असंच लिहिलं असतं. डॉक्टरबाई म्हणाल्या, "काढून टाकू या. त्रासच नको." इस्त्रीवालीनं मान हलवली. अर्ध्या तासात ती गालात कापूस दाबून जिना उतरत होती.

आणि मग ती परत आली. टाके काढायला आली. सहा महिन्यांनी उगाच दाखवायला आली. "इथं खोटी दाढ बसवून घ्या, नाहीतर बाकीच्या सरकतील," असं काही वर्षांनी डॉक्टरबाईंनी सांगितलं तेव्हा मात्र ती हसली. "मागची दाढ कोण बघतंय? पोराच्या शाळेचं आधी." डॉक्टरबाईंनीही फार ताणलं नाही.

दाढा व्हायचं तेच करत गेल्या. मागची दाढ मोकळ्या जागेत कलली, तिच्या फटीत अन्न अडकून ती किडली, गेली. वरची दाढ खाली टेकायला काही नाही म्हणून उतरत आली, तिची हिरडी सुटली, तीही गेली. प्रत्येक वेळी इस्त्रीवाली सांगितलेल्या दिवशी, सांगितलेल्या वेळेच्या आधी बाकड्यावर हजर. मध्ये एकदा तिच्या त्याच बाजूच्या छोट्या दाढेची नस मेली, तेव्हा डॉक्टरबाईंनी ती वाचवायला घेतली. इस्त्रीवाली एकूण एक फेरीला आली. एकदा तर तापात आली. त्या दिवशी डॉक्टरबाई पहिल्यांदा चरकल्या. शहरात इतके गाडीवाले, भारी घड्याळं घालणारे, सुटाबुटातले लोक अर्धवट काम सोडून पसार झाले, आणि आपण जिला न येणारी म्हणून मोडीत काढलं ती बाई तापात जिना चढून येते. त्यांना स्वतःची लाज वाटली. पण तसं कुणाला म्हणाल्या नाहीत, आणि इस्त्रीवालीला तर मुळीच नाही.

दोघी आता पन्नाशीच्या पुढे. परवा इस्त्रीवाली आली ती त्याच छोट्या दाढेसाठी. हिरडीवर पुवाचा फोड आला होता. डॉक्टरबाईंनी आरशानं ठोकलं, सळई फिरवली. सगळीकडे हिरडी घट्ट, आणि एकाच जागी सळई सरकन खोल गेली. त्यांनी ती काढून पुन्हा तिथंच घालून पाहिली. एकाच जागी अशी खोल वाट मिळाली की बहुतेक वेळा मूळ उभं चिरलेलं असतं. एक्स-रे काचेवर लावला, मुळाच्या कडेनं काळी सावली खालपर्यंत उतरलेली. चिरलेल्या मुळाला जगातला कुठलाच डॉक्टर सांधू शकत नाही.

"काढावी लागेल, ताई," त्या म्हणाल्या.

"काढा की," इस्त्रीवाली म्हणाली. तिनं तोंडही उघडलं. मग काहीतरी आठवून मिटलं. "आमचे दातच मुळात नासके. ती पहिली दाढ वाईट निघाली ना, तिथून सगळं बिघडत गेलं. लेकीला पण मी सांगते, बाई, आईचे दात घेऊन आलीस, तुला काय आशा नाही. ती तर आता डॉक्टरकडे जातच नाही. म्हणते, जायचेच आहेत तर जाऊ देत."

डॉक्टरबाईंच्या हातात इंजेक्शन होतं. ते त्यांनी खाली ठेवलं. इतकी वर्षं हे बोलायला लागू नये म्हणून त्यांनी मनात किती पळवाटा काढल्या होत्या. पण ही बाई त्यांची चूक स्वतःच्या रक्तात शोधत होती, आणि आता ती लेकीच्या गळ्यात घालत होती.

"तुमचे दात नासके नाहीत," त्या म्हणाल्या. "ती पहिली दाढ वाचली असती."

इस्त्रीवालीला काही कळलं नाही. "कोणती?"

"तीच. चांगली होती. नीट साफ करून भरली असती तर आजही असती. मी काढली."

"का?"

"तीन-चार वेळा यावं लागलं असतं. मला वाटलं, तुम्ही येणार नाही."

"मी?" इस्त्रीवाली म्हणाली.

बाहेर बाकड्यावर कुणीतरी खोकलं. इस्त्रीवालीनं जिभेनं ती डावीकडची मोकळी बाजू चाचपली, असं डॉक्टरबाईंना गालावरून दिसलं. "मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं की," ती म्हणाली. "समोरच तर राहते." तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर डॉक्टरबाईंना जरा सोपं गेलं असतं.

मग ती खुर्चीत ताठ बसली. "मग ही वाचवा. म्हणाल तितक्या वेळा येते."

"ही नाही वाचणार, ताई. हिचं मूळ चिरलंय. हे बघा..." डॉक्टरबाईंनी एक्स-रेवर बोट ठेवलं, सावली दाखवली, सळई कुठं गेली ते समजावलं. सगळं खरं होतं. इतकं नीट तर त्यांनी कधी कुणाला समजावलं नव्हतं. इस्त्रीवाली एक्स-रेकडे बघतच नव्हती, ती डॉक्टरबाईंच्या तोंडाकडे बघत होती.

"येते मी खरंच," ती पुन्हा म्हणाली. "रोज म्हणालात तर रोज."

"ठाऊक आहे मला. पण यायचा प्रश्नच नाही हो यात."

इस्त्रीवालीनं गळ्यातला कागदी रुमाल काढून नीट घडी करून ठेवला. "दुसऱ्या कुणाला दाखवू का?"

"दाखवा ना," डॉक्टरबाई म्हणाल्या. एक्स-रे त्यांनी स्वतः पाकिटात घालून दिला. "पण लवकर दाखवा. पू वाढू देऊ नका. आणि लेकीला पाठवा. माझ्याकडे नको तर तिकडे."

दोन दिवसांनी पुढच्या चौकातल्या तरुण डॉक्टरांचा फोन आला. भला मुलगा, मोठ्यांना मान देणारा. "मॅडम, तुमच्या पेशंट आल्या होत्या. तुमचं निदान बरोबर होतं, मूळ उभं चिरलेलं. काढली दाढ, आता काही काळजी नाही." मग जरा हसला. "पण बाई भारी शंकेखोर हो. तीन-तीनदा विचारलं, नक्की वाचणार नाही ना, दाढेकडे न बघता माझ्याकडे बघून तर सांगत नाही ना? तुमच्याकडे कसं निभावत होतं इतकी वर्षं?"

डॉक्टरबाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"नाही हो," त्या म्हणाल्या, "ती तशी नव्हती."