भरल्या गाडीचं माप

जनूभाऊंबद्दल लिहायचं मी बारा वर्षं टाळलं. बायको होती तोवर तिच्यासमोर खोटा पडेन म्हणून, ती गेल्यावर मुलासमोर. आता अठ्ठ्याहत्तरी उलटली. मुलगा हे वाचेल. वाचू दे.

बाळकुममध्ये त्यांचं पत्र्याचं टायरचं दुकान होतं. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून टायरचं काम करणारा तो मी पाहिलेला एकमेव माणूस. गाडी नेली की ते आधी चाकाकडे बघतच नसत. "बसा मागं. सगली बसा," म्हणत. माणसांच्या वजनाने गाडी खाली दबली की स्टीअरिंग पूर्ण वळवायचं आणि टायर आणि मडगार्डच्या मधल्या फटीत बोटं घालून बघायचं, ही त्यांची पद्धत. माणसं कमी पडली तर शेजारच्या मासळीवाल्या वहिनींना बोलावत. एकदा त्या पाटीसकट बसल्या. आठवडाभर गाडीला बोंबलाचा वास. बायकोने पुढच्या खेपेला विचारलं, "जनूभाऊ, टायर बदललेत की कालवण सांडलंत?"

ते हसले. त्यांच्या बोलीत 'ड'चा 'र' व्हायचा. "वयनी, रिकामी गारी गोर बोलते. खरं काय ते भरल्या गारीला इचारायचं."

वर्तकनगरच्या आमच्या सोसायटीतल्या बहुतेक गाड्या मीच त्यांच्याकडे नेल्या होत्या.

मग शेजाऱ्यांच्या गाडीला मोठी, चकचकीत चाकं आली आणि मलाही ती हवीशी झाली. आमची चाकं चौदा इंची, मला सोळाची हवी होती. टायरही मी उंच निवडले होते.

"रिम मोठी घ्या, पन मंग टायरची उंची कमी करा," जनूभाऊ म्हणाले. "बाहेरचा घेर हाय तेवराच पायजे. ह्ये घासतील."

"मी ड्राफ्ट्समन होतो, जनूभाऊ. जन्मभर मापंच काढली. फट मोजलीय मी."

"रिकामी मोजली ना?"

मी गाडीची किल्ली उचलली.

"मंग मना नाय जमायचं, सायेब. दुसरीकरं बघा."

मी कल्याणला जाऊन तेच टायर बसवून घेतले. घरी सांगितलं नाही. पाचव्या दिवशी ठाकुर्लीला बारशाला निघालो. गाडीत बायको, मेहुणी, साडू. वळणावर चाक खड्ड्यात गेलं, गाडी दबली, टायर मडगार्डवर घासून फुटला आणि आम्ही कुंपणाच्या भिंतीवर आदळलो. बायकोचं उजवं मनगट मोडलं. तो हात पुढे कधी नीट वळला नाही.

दवाखान्यात मुलाने विचारलं, "बाबा, हे टायर दिले कुणी?"

"जनूभाऊंनी."

पटकन तोंडातून निघून गेलं, असं म्हणायची सोय नाही. विचार करून म्हणालो.

मुलगा तडक बाळकुमला गेला आणि गिऱ्हाइकांसमोर त्यांना नाही नाही ते बोलला. परत येऊन म्हणाला, "काही बोललाच नाही हो तो. आईचा हात कसा आहे, एवढंच विचारलं."

सोसायटीत बातमी पसरली. एकेक गाडी दुसरीकडे जाऊ लागली. मी खिडकीतून बघत होतो.

काही महिन्यांनी मूळ मापाचे टायर बसवायला मी एकटाच त्यांच्याकडे गेलो. खरं तर माफी मागायला गेलो होतो. दुकानात दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. टायर चढवून झाल्यावर ते नेहमीसारखं म्हणाले, "बसा मागं." मासळीवाल्या वहिनी शेजारी येऊन बसल्या, समोर बघत. एरवी त्यांचं तोंड बंद नसे. जनूभाऊंनी वाकून फटीत बोटं घातली. मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता. बोलायला यापेक्षा सोपी जागा मिळाली नसती.

खालूनच ते म्हणाले, "पोरगा गुनी हाय तुमचा. आयशीसाठी भांडला."

मी मनात वाक्य जुळवत होतो.

"बराबर हाय आता. उतरा."

मी उतरलो आणि घरी आलो.

गेल्या वर्षी ते गेले. वहिनींनी बाजारात सांगितलं, तेही मासळी निवडून देताना, मान वर न करता. त्या दिवशी मागच्या सीटवर जुळवलेलं वाक्य अजून तोंडपाठ आहे: जनूभाऊ, तुम्ही नको म्हणाला होतात. टायर मी कल्याणला बसवले, आणि नाव तुमचं सांगितलं.