शटरच्या आतला आवाज

“आत कोन हाय? बोल बाप्पा, घाई नाई.”

बंद शटरवर बोटाच्या पेरानं टकटक करून आमचे शटरमिस्तरी हे विचारायचे आणि पत्र्याला कान लावून उभे राहायचे. कुलूप लावणारा दुकानदार किल्ली घेऊन शेजारीच उभा असायचा, तरी यांचं विचारणं काही चुकायचं नाही. मेहकरात आम्ही सगळ्यांनी त्यांची यथेच्छ चेष्टा केली. “मिस्तरी, आज कोन बोललं?” असं टपरीवर कोणी विचारलं, की बशीत फुंकर मारत म्हणायचे, “कोनी नाई. बरं झालं.” तुमच्याही गावात असा एखादा असेलच. त्याच्या खोडीवर अख्खं गाव हसतं आणि काम मात्र त्यालाच सांगतं.

डोणगाव रस्त्याला माझं बी-बियाण्यांचं दुकान आहे. एका दुपारी शटर अर्धं ओढून मी जवळच घरी जेवायला गेलो. तेवढ्यात रिव्हर्स घेणाऱ्या एका टेम्पोनं शटरला धक्का दिला आणि शटर एका बाजूनं पट्टीतून निसटून तिरकं खाली बसलं. हलेना की डुलेना. त्याच दुपारी आमचे आबा घरातून दिसेनासे झाले. त्यांना अलीकडे विसर पडायचा, कुठंही निघून जायचे. भाऊ बसस्टँडकडे धावला, बायको देवळाकडे. माझ्या मोटारसायकलची किल्ली नेमकी दुकानात अडकलेली, म्हणून मी मिस्तरींना बोलावून आणलं.

“मिस्तरी, सब्बल घाला अन् पाडून टाका एकदाचं. मले आबाले पाहाले जायाचं हाय.”

मिस्तरींनी आपली टकटक केली. “आत कोन हाय? बोल बाप्पा.”

“हाय.”

मीही ऐकलं. पत्र्याला लागून, अगदी जवळून. आवाज तरण्याबांड माणसाचा होता. मी दचकून मागे सरलो. मिस्तरींचा चेहरा मात्र ओळखीचं कोणी भेटावं तसा झाला. त्यांनी ती लोखंडी सब्बल बाजूला ठेवली, खाली जॅक लावला आणि शटर बोट-बोट उचलू लागले. मी ‘लवकर करा’ म्हणून ओरडत होतो, पण त्यांचं माझ्याकडे लक्षच नव्हतं.

आत आबा शटरला पाठ टेकून बसले होते. मी गेल्यावर वाकून आत शिरले असणार. सब्बल घातली असती तर सगळं ओझं त्यांच्याच डोक्यावर आलं असतं.

पाणी प्यायल्यावर म्हणाले, “टकटक आयकू आली रे. पन तोंडातून आवाजच निघे ना.”

“मंग ‘हाय’ कोन म्हनलं?”

“तो गडी. माह्याजवळ बसला होता ना.”

मी पोतं न् पोतं हलवून पाहिलं. आत कोणी नव्हतं.

त्या संध्याकाळी मिस्तरींनी पहिल्यांदाच सांगितलं. जवानीत ते आणि त्यांचा जोडीदार खामगावला एका जिनिंगच्या गोदामात शटर बसवायला गेले होते. काम झालं, यांनी शटर ओढलं. जोडीदार पुढं गेला असेल असं यांना वाटलं, पण तो आत कापसावर झोपला होता. मग कापूस पेटला.

“एक हाक माराले पाह्यजे होती, भाऊ. तवापासून विचारतो. आत कोनी जित्तं असलं तर तो सांगते मले. सोतासाठी मात्र कवा नाई बोलला.”

त्यानंतर मी त्यांची चेष्टा केली नाही. खरं सांगायचं तर मला ते आपल्या घरातलेच वाटू लागले.

मिस्तरी एकटेच राहायचे, शटर लावलेल्या एका गाळ्यात. परवाच्या उन्हाळ्यात एक दिवस उन्हं वर आली तरी ते शटर उघडलं नाही. आतून कडी होती. शेजारी जमले, कोणीतरी सब्बल आणली.

“थांबा बे,” मी म्हणालो. पुढं होऊन टकटक केली. “आत कोन हाय? बोला मिस्तरी, घाई नाई.”

मी पत्र्याला कान लावला. मला त्यांचा आवाज हवा होता. नुसते खोकले असते तरी चाललं असतं.

मग पत्र्याला लागून, अगदी जवळून, तोच तरणा आवाज आला.

“कोनी नाई.”

मी डोळे पुसले, बाजूला झालो आणि सब्बलवाल्याला म्हणालो, “घाल आता.”