फाटकावरचा अश्वजित

अश्वजितची गोठ सांगतो, पण आधीच सांगून ठेवतो, मले त्याचं चांगलं सांगता येत नाई. सांगायले बसलो का पोटात जळते. आमी दोघं एका वयाचे, एका वस्तीतले, घराले घर लागून. शाळेत एका पट्टीवर बसलो. वडश्याच्या एकाच तांदळाच्या मिलमध्ये एकाच साली कामाले लागलो. तो काट्यावर वजन लिहायले, मी पोते उचलायले. म्हणजे पाहा, तो बसून आन मी उभा. तिथूनच सुरू झालं.

गावापासून मिल नऊ किलोमीटर. दोघंही सायकलनं जातो. रोज सकाळी तो माया दारात येऊन घंटी वाजवते, आन मी मुद्दाम दोन मिनिटं उशिरा निघतो. वाट पाहू द्या थोडी.

आता ज्या गोष्टीसाठी अश्वजितचं नाव झालं, ती मुळात माई. कोणालेही विचारा. सहा वर्षांआधी माई बायको केसर माया सायकलवर मांगं बसून होती. बाजाराले चाललो होतो. मांगून जीप आली. ड्रायव्हरच्या कानाले फोन, आन हसून हसून बोलून राह्यला होता. जीपचा आरसा केसरच्या खांद्याले लागला आन ती डांबरावर पडली. जीप थांबली बी नाई. हाड जुळलं, पण केसरचा डावा हात आजही खांद्याच्या वर जात नाई. तिचा अंबाडा रोज मी बांधून देतो. वाकडा येते, ती हसते, पण हसताना डोळे भरते तिचे, ते मले दिसते.

त्या दिवसापासून मी पेटलो. गाडीवर फोन दिसला का माई सायकल आडवी. "अबे, बाप मेला काय तुया? फोन ठेव न खाली!" असं ओरडत होतो. कोणी हसे, कोणी शिव्या दे, एकानं तं उतरून थोबाडीत देल्ली. गाडीचे नंबर तळहातावर लिहून ठाण्यात जात होतो. घामानं अर्धे आकडे पुसून जाये. हवालदार म्हणे, "लहानूभाऊ, हा सात आहे का एक?" आता मले काय माहीत!

केसर म्हणे, "अवो, काऊन भांडता लोकायशी? मले लाज वाटते." बाप्पा! जिच्यासाठी भांडून राह्यलो तिलेच लाज. मले दुसरं काई नको होतं. नाव नको, फोटो नको. केसरनं एकदा म्हणावं, का तुमचं बरोबर आहे. चार शब्द. सहा वर्षं मी त्या चार शब्दायची वाट पाहिली.

आन मंग दोन वर्षांआधी अश्वजित मधात घुसला. आयत्या बिळावर नागोबा.

आमच्या रस्त्यात रेल्वेचं फाटक लागते. फाटक बंद झालं का बोलेरोवाला काय आन सायकलवाला काय, सगळे सारखेच. धावत्या गाडीले सायकलवाला कसा गाठन? पण फाटकावर गाठते. गाडी उभी आहे तोवर लोक फोन लावतात, आन फाटक उघडलं तरी फोन कानालेच, तशीच गाडी काढतात. हे म्याच अश्वजितले दाखवलं होतं. म्याच!

एक दिवस फाटक उघडलं आन एक बोलेरोवाला फोन लावूनच गाडी काढत होता. मी तोंड उघडणार, तेवढ्यात अश्वजितनं खिडकीत हात घातला आन शांतपणे म्हणे, "द्या भाऊ, दोन शब्द बोलतो." तो माणूस इतका चक्रावला का त्यानं फोन देऊन टाकला. अश्वजित फोनवर म्हणे, "जय भीम. तुमचा माणूस गाडी चालवून राह्यला. घरी पोचला का तोच फोन करन. आता ठेवा." पलीकडं त्याची बायको होती. तिनं नवऱ्याले फोनवरच असं झापलं का आमाले बाहेर ऐकू आलं. सगळं फाटक हसलं. मीही हसलो, पण आतून नाई.

तेव्हापासून त्याचं तेच काम झालं. ड्रायव्हरशी तो भांडतच नाई. फोन मागते आन पलीकडच्या माणसाशी बोलते. बायका, आया, बहिणी, साऱ्या त्याच्या बाजूनं झाल्या. चहावाला त्याच्याकडून पैसे घेईनासा झाला. वर्षभरात त्या फाटकावर लोक अश्वजितले पाहूनच फोन खिशात टाकायले लागले. त्याच्याआधी चार वर्षं माया घसा फाटला तेव्हा कोणी कुत्रं नाई फिरकलं. पिकते तिथं विकत नाई म्हणतात, ते खोटं नाई.

आन केसर? एका संध्याकाळी भाकर वाढता वाढता म्हणे, "पाहा, अश्वजितभाऊनं आवाज न चढवता करून दाखवलं." म्या ताटावरून उठलो. ती म्हणे, "काय झालं?" म्या म्हनलं, "तिखट झाली भाजी." त्या दिवशी भाजीत मिरचीच नव्हती.

या जानेवारीत रस्ता सुरक्षेचा आठवडा आला. ठाण्यातून निरोप आला का आपल्या रस्त्यावरच्या एका नागरिकाचा सत्कार करणार आहेत. शाल, श्रीफळ, आन ठाणेदाराच्या हातून प्रमाणपत्र. मंगळवारी सकाळी हवालदार फाटकावर येणार, काम पाहणार आन नाव पक्कं करणार. नाव कोणाचं, ते तं लहान लेकरूही सांगन. केसरच मले सांगे, "अश्वजितभाऊच्या सत्काराले आपण दोघं जाऊ हं." म्हणजे माया हाताखालून माई शाल जाणार आन मी टाळ्या वाजवायच्या!

आता माया पोटात एक गोष्ट होती. अश्वजितचा पोरगा आयुष मिलचीच पिकअप चालवते. अश्वजित चारचौघात छाती फुगवून सांगे, "माया पोट्टा गाडीवर फोन उचलत नाई." आन मी एकदा आयुषच्या बाजूले बसून आलो होतो. वडसा ते गाव त्याचा फोन कानाचा सुटला नाई. उतरताना म्हणे, "काकाजी, बाबाले सांगू नका हं." म्या नाई सांगितलं. जपून ठेवलं.

मंगळवार उजाडला. रोजच्यासारखी घंटी वाजली, दोघं निघालो. फाटक बंदच होतं. हवालदार वही घेऊन उभा. अश्वजित सायकल लावून पुढं गेला, मी मांगंच थांबलो, गाड्यायच्या तीस पावलं मांगं. रांगेत पाचवी गाडी आयुषची पिकअप, तांदळाचे पोते भरून. त्याच्या समोर शाळेच्या पोरी, सायकली घेऊन. रेल्वे गेली, फाटक वर चढायले लागलं, आयुषनं गाडी चालू केली. आन म्या खिशातून फोन काढून आयुषचा नंबर लावला.

हाव, म्या लावला. लपवून काय करू? बापासमोर पोट्टा फोनवर सापडावा, हवालदाराच्या डोळ्यांदेखत, एवढंच मनात होतं. दुसरं काईच नव्हतं.

त्यानं उचलला. "हां काकाजी, बोला."

"कुठी आहेस रे?"

"फाटकावर. काऊन?"

तिथं ठेवून द्यायचा होता. सापडला होता तो. पण अश्वजितची अजून त्याच्याकडं पाठ होती, म्हणून म्या बोलतच राह्यलो. "आज मिलमध्ये किती गाड्या निघाल्या रे? मालक आला का?" समोरच्या चार गाड्या पार झाल्या, आयुषची पिकअप रुळापाशी आली, आन तिच्या पुढंच एका पोरीची सायकल रुळाच्या फटीत अडकली. दिव्यानी नाव तिचं, आठवीतली. ती खाली उतरून चाक ओढत होती. आयुष मले मालकाचं सांगण्यात गुंतला होता, त्याले ती दिसलीच नाई.

किंकाळी मले दोनदा ऐकू आली. एकदा समोरून, एकदा फोनमधून.

गाडी हळू होती म्हणून वाचली पोरगी. गुडघा फुटला, मांगचं चाक वाकडं झालं. अश्वजितनं धावत जाऊन तिले उचललं, बाजूले बसवलं. मंग तो पिकअपच्या खिडकीशी गेला. आत आपला पोरगा आहे हे पाहूनही त्यानं तसाच हात पुढं केला. आयुषनं फोन देल्ला. अश्वजितनं आधी नाव वाचलं. तो इतका वेळ नाव पाहत राह्यला का मी फोन बंद करायचंही विसरलो.

मंग माया कानात त्याचा आवाज आला. "जय भीम. तुमचा माणूस गाडी चालवून राह्यला. घरी पोचला का तोच फोन करन. आता ठेवा."

आन त्यानं मान वर करून गाड्यायच्या वरून माझ्याकडं पाह्यलं. माया हात कानालेच होता.

हवालदार म्हणे, "कोण होतं फोनवर?"

अश्वजित म्हणे, "घरचाच माणूस होता. तुमी चालान फाडा साहेब, माया पोरगा आहे हा."

त्याच दिवशी मिलमालकानं आयुषकडून गाडीची चावी घेतली. पोट्टा घरी बसला. अश्वजितनं दिव्यानीची सायकल स्वतः नीट करून देल्ली. आन दुसऱ्या दिवशी सकाळी माया दारात घंटी वाजली! मी आतच थांबलो, वाटलं जाईन कंटाळून. नाई गेला. नऊ किलोमीटर तो धानाच्या भावाचं बोलला. फोनचा एक शब्द काढला नाई. अरे, शिव्या दे न बे! कॉलर धर! भांडला असता तं म्याही भांडलो असतो, मोकळा झालो असतो. पण नाई. तिथंही त्याले माझ्यापेक्षा मोठंच व्हायचं होतं.

शनिवारी हवालदार माया घरी आला. म्हणे, "लहानूभाऊ, सत्कार तुमचा. अश्वजितभाऊनं नाव मागं घेतलं. म्हणे, घरचाच माणूस फोनवर सापडला, मी शाल कशी घेऊ? लहानू सहा वर्षांपासून भांडून राह्यला, त्याले द्या."

केसर दारातच होती. तिच्या तोंडावर असा उजेड म्या लग्नानंतर पाह्यला नव्हता. साऱ्या वस्तीत सांगून आली. सत्काराच्या सकाळी तिनं माया पांढरा शर्ट काढला, उजव्या हातानं इस्त्री केली, डाव्यानं जमन तेवढा धरला. मले घालून देल्ला, बटनं लावले, आन मांगं सरून पाहत म्हणे, "लोकायचं ऐकून म्या तुमाले लय बोलली. तुमचं बरोबर होतं."

चार शब्द म्हनलो होतो न? तीनच निघाले. मोजण्यात मीच चुकलो होतो, त्यातही तिचा काई दोष नाई.

मले तिथंच गप बसता आलं असतं. अश्वजित बोलणार नव्हता, आयुष बिचाऱ्याले तं वाटते काकाजीनं सहजच फोन केला. शाल अंगावर आली असती, केसर पहिल्या रांगेत बसली असती. पण ती माझ्याकडं अशी पाहून राह्यली होती का माया तोंडून निघूनच गेलं, "केसर, आयुषले त्या दिवशी म्या फोन लावला होता. गाडी चालू झाली ते पाहूनच लावला."

तिनं काऊन म्हणून विचारलं नाई. तिले समजलं असन. ती खाटेवर बसली, डावा खांदा उजव्या हातात धरून.

मंग म्हणे, "म्हणजे मले पाडलं त्या दिवशी त्या जीपवाल्याले बी कोणीतरी फोन लावला असन. सहा वर्षं आपण ड्रायव्हरलेच शिव्या देल्या."